जपानचं लगीन माझ्या पेटीत होतं

जपान समजून घ्यायचा तर कोणती पुस्तकं वाचावी, असं या अंकाच्या संपादकांनी मला विचारलं. त्यांना वाटलं असेल, हा म्हातारा वाचनालयात नोकरीला होता, म्हणजे वाचलेला असणार. तर पहिली गोष्ट साफ सांगतो. मी चौथी नापास आहे. पास झालो असतो, पण परीक्षेच्या आठवड्यात आमचा अख्खा तांडा लग्नाला गेला आणि शाळेनं माझी वाट पाहिली नाही.

दुसरी गोष्टही साफ सांगतो. त्या काळात आमच्या भागात जपानवरचं कोणतं पुस्तक चांगलं आणि कोणतं फुकटचं, हे माझ्यापेक्षा बरोबर सांगणारा माणूस नव्हता. ग्रंथपाल साहेबही मलाच विचारत. त्यांना राग येत असे, पण विचारत.

माझं काम पेटीचं. पत्र्याची एक पेटी, तीत मावतील तेवढी पुस्तकं, आणि पेटी सायकलच्या मागं सुंभानं बांधलेली. बाभुळगाव ते कळंब या पट्ट्यातल्या गावांना मी फिरायचो. दर पंधरा दिवसांनी एका गावाला पाळी. जुनी पुस्तकं घ्यायची, नवी द्यायची, वहीत नाव लिहायचं, की झालं. ऐकायला सोपं आहे. वैशाखात पेटीचा पत्रा असा तापे की पुस्तकं तव्यावरच्या भाकरीसारखी गरम निघत. श्रावणात काळ्या मातीत चाक रुतलं की मी सायकल डोक्यावर घ्यायची की पेटी, एवढाच प्रश्न. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. माझी याडी, म्हणजे आई, म्हणायची, "तूही तेच करून राह्यला. पण मिठाले चव तरी असते."

आता न वाचता पुस्तक कसं ओळखायचं ते सांगतो. हे मला कोणी शिकवलं नाही. बंद पुस्तक हातात घ्यायचं आणि उजेडात वाकडं करून पानांची कड पाहायची. खेड्यातला माणूस शेतातून येतो, हात धुतो, पण बोटांच्या रेघांतली माती जात नाही. जिथं तो थांबला, परत आला, बोट ठेवून शेजाऱ्याला वाचून दाखवलं, तिथं कडेवर काळी रेघ पडते. जिथं कंटाळला तिथून पुढं कड दुधासारखी पांढरी. विद्वान लोक प्रस्तावना वाचून मत देतात. मी कड पाहून देत होतो, आणि माझं मत क्वचितच चुकलं. जे एकदा चुकलं तेच सांगायला बसलो आहे.

छप्पनच्या दसऱ्याला आमच्या भागातले कितीतरी लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्यानंतर माझ्या पेटीची मागणीच बदलली. आधी लोक मागायचे राक्षसाच्या गोष्टी, डिटेक्टिव्ह, वैद्यकी. आता एकेका गावात बाया-माणसं विचारू लागली, "भाऊ, जगात दुसरीकडं बुद्धाचे लोक कसे राह्यतात? कसे जेवतात? जपानात म्हणे सारे आपलेच. त्याचं काही हाये का पेटीत?"

होतं. एका वकिलाचं कपाट वाचनालयाला दान आलं होतं, त्यात जपानवरची तीन पुस्तकं निघाली. पहिलं इतिहासाचं, जाडजूड. त्यात राजांची नावं एवढी की विसाव्या पानानंतर कड पांढरी. हे पुस्तक सात गावं फिरलं आणि सातही गावांतून नवं कोरं परत आलं. दुसरं लहान मुलांच्या गोष्टींचं. त्यातला कोल्हा आपल्या कोल्ह्यापेक्षा हुशार आणि म्हातारी आपल्या म्हातारीसारखीच. त्याची पानं सुटली म्हणून मी तीनदा शिवलं. शिवणीवर मोरचूद घातलेली खळ लावली म्हणजे कसर लागत नाही. तिसरं प्रवासाचं. आपल्याकडचे एक गृहस्थ लढाईच्या आधी जपान पाहून आले होते, त्यांनी लिहिलेलं. पुठ्ठ्यावर आगबोट होती, म्हणून सगळे त्याला आगबोटीचं पुस्तक म्हणत.

शिवाय सरकारकडून चार पानी पत्रकांचा एक गठ्ठा आला होता, जपानी पद्धतीच्या भातशेतीचा. आता आमच्याकडं कापूस आणि ज्वारी. भात म्हणजे पाहुण्याला. पण छापलेलं म्हटलं की मी पेटीत घालायचोच. बेंबळा नदीकाठचा एक पाटील त्यातलं एक घेऊन गेला आणि परत देईना. तिसऱ्या खेपेला मी त्याच्या शेतातच गेलो. पाहतो तर पाटील आणि गडी दोरी ताणून, दोरीला गाठी मारून, गाठीगाठीला सरकी टोबून राह्यले.

मी म्हटलं, "पाटील, थे तर भाताचं हाये."

"माह्याजवळ भात नाही, त्याले मी काय करू? दोरी तर हाये ना!"

गाव हसलं. पण निंदणीच्या वेळी त्याच्या शेतात झाडं दोन्हीकडून ओळीत, म्हणून तण काढायचा डवरा उभाही चालला आणि आडवाही चालला, आणि हसणारे दोरी मागायला त्याच्याच दारात गेले. जपानी माणूस कसा असतो ते मला त्या चार पानांच्या कागदानं सांगितलं तेवढं जाड इतिहासानं सांगितलं नाही. संपादक साहेब, पहिलं पुस्तक हे लिहून घ्या.

माझ्या फेरीतल्या एका गावात हवालदार राहायचे. पलटणीतून रिटायर झालेले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेले. डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा होता, पाऊस यायच्या आधी तो त्यांना सांगायचा. दीक्षा घेणाऱ्यांत पहिल्या रांगेत ते होते, आणि आगबोटीचं पुस्तक पहिल्यांदा नेलं तेही त्यांनीच. परत आलं तेव्हा पहिल्या चाळीस-पन्नास पानांवर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'खोटं', 'साफ खोटं', 'हा माणूस कुठं झोपला होता?' पुढं त्यांनी रागानं वाचलंच नव्हतं.

मी चिडलो. "हवालदार, वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये. नियम हाये."

"अरे, थो गृहस्थ आगबोटीत बसून गेला, चहा पिऊन आला. म्या जपान्याले चिखलात पालथं पडून पाह्यलं. कोणाचं खरं?"

"दोघांचंही असन. तरी लिहू नका."

मी ती सारी पेन्सिल रबरानं खोडली. पुढं कडा खराब झाल्या म्हणून बांधणीवाल्याकडून त्या पुस्तकाच्या कडाही कापून घेतल्या. तेव्हा वाटलं, काय झकास काम केलं. आज वाटतं, माझे हात का नाही मोडले. एक छापलेलं पुस्तक होतं आणि त्याच्या अंगावर दुसरं, चिखलात लिहिलेलं. मी दुसरं पुसलं.

हवालदारांची मुलगी इंदू. अठरा वर्षांची, सातवी शिकलेली. दुपारी मोहल्ल्यातल्या बाया गोळा करून ती वाचून दाखवायची. वहीत सगळ्यात जास्त नाव तिचं. पेटी उतरवायच्या आधीच विचारायची, "भाऊ, आज काय आणलं? मागच्यावानी इतिहास आणला असन तर पेटी खोलूच नका."

दीक्षेनंतरची दुसरी लगीनसराई होती. इंदूचं कळंबकडं जमलं. मुलगा यवतमाळच्या जिनिंगमध्ये कामाला, निर्व्यसनी, देखणा. इंदूनं त्याला पाहिलं होतं आणि तिच्या मनात होता, हे सांगायला मला कड पाहावी लागली नाही. त्या दिवसांत तिनं पुस्तकच मागितलं नाही.

घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. मुलाचे मामा प्राथमिक शाळेत मास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. स्वच्छ धोतर, चष्मा, बोलणं तोलून. त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. ते म्हणाले, जुनं एकही काही होणार नाही. हळद नाही, देवक नाही, वाजंत्री नाही. हवालदार म्हणाले, देवक गेलं, पटलं, पण हळदीबिगर पोरगी अन् वाजंत्रीबिगर वरात, हे काय लगीन झालं का मयत? तेव्हा आजच्यासारखी छापील पद्धत गावोगाव पोचली नव्हती. जो तो आपल्या अकलेनं करून राह्यला होता.

ती बैठक चालू होती आणि माझ्या फेरीचा दिवस. मी लिंबाखाली पेटी सोडत होतो. आतून आवाज चढत गेले. गुरुजी बाहेर ओसरीवर येऊन म्हणाले, "हवालदार, आपण काल बुद्धाकडं आलो. जपान शेकडो वर्षांपासून आहे. तिथं जसं लग्न होतं तसं करू. आहे कबूल?"

हवालदार म्हणाले, "जपानानं माह्या गुडघ्यात लोखंड ठेवलं, आता माह्या मांडवातही घुसते काय! पण ठीक हाये. दाखवा, कसं होते थे. हळद असन तर हळद, नसन तर नाही."

"नसणारच."

"पाह्यलं काय तुम्ही?"

आता मी गप्प राहायला पाहिजे होतं. माझा काही संबंध नव्हता. पण दोन माणसं पुस्तकातली गोष्ट पुस्तकावाचून भांडतात, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "भांडता कायले? जपानचं लगीन माह्या पेटीत हाये."

सगळे माझ्याकडं वळले. मला काय मान वाटला म्हणून सांगू! आगबोटीच्या पुस्तकाच्या मधोमध एका जागी कडेवर काळीकुट्ट रेघ होती, पुस्तक हातात धरलं की तिथंच उघडायचं, आणि वर लिहिलेलं होतं 'विवाहविधी'. एवढं माझ्या पक्कं ध्यानात होतं. फक्त त्या दिवशी ते पुस्तक वाचनालयात होतं. ठरलं की पुढच्या खेपेला मी ते आणावं, दोन्हीकडची माणसं जमावी आणि पुस्तकात असेल तसं लग्न व्हावं. पुस्तकाचं जो ऐकणार नाही त्यानं सोयरीक मोडली असं समजायचं.

इंदू दारात उभी होती. माझ्याकडं असं पाहत होती की मला वाटलं, कौतुकानं पाहते आहे.

मधले पंधरा दिवस पुस्तक माझ्याजवळ होतं. वाचलं का? नाही. मला वाचता येत नव्हतं असं नाही, बोट ठेवून सावकाश येत होतं. पण माझा एक ताठा होता. हलवाई जिलबी खात नाही, तसा पेटीवाला पुस्तक वाचत नाही, असं मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यानं सांगायचो.

तो दिवस आला. मी पुठ्ठ्याला नवा खाकी कागद चढवून पुस्तक नेलं. लिंबाखाली सतरंजी, एका बाजूला कळंबची माणसं, दुसऱ्या बाजूला हवालदारांची. नवरा मुलगा खाली मान घालून सतरंजीचा धागा उपसत होता. बाया ओसरीवर. गुरुजींनी पुस्तक घेतलं, ते आपोआप रेघेजवळ उघडलं, आणि मी मनात म्हटलं, पाहा.

गुरुजींचा आवाज खणखणीत. वधूचा पोशाख पांढरा असतो, हे त्यांनी दोनदा वाचलं आणि हवालदारांकडं पाहिलं. मग पुढं वाचता वाचता ते एकदम थांबले.

"काहून थांबले गुरुजी?" हवालदारांनी विचारलं.

"अक्षर बारीक आहे."

"आतापावतो तर मोठं होतं! इंदू, तू वाच व."

होणारी नवरी सासरच्या माणसांसमोर येऊन वाचणार, यावर ओसरीत कुजबुज झाली. इंदू आली, उभी राहिली आणि न अडखळता वाचू लागली. वधूवरांना देवळात नेतात. हे देऊळ बुद्धाचे नव्हे, त्या देशाच्या जुन्या देवांचे. पुजारी तांदळाच्या दारूचे तीन पेले पुढे ठेवतो. एकेका पेल्यातून तीन तीन घोट दोघांनी घ्यायचे, म्हणजे लग्न लागले. बुद्धाच्या मंदिरातले भिक्षू या लोकांच्या घरी बहुधा मयताच्या वेळी येतात.

हवालदार असे हसले की लिंबावरचे कावळे उडाले. "जुने देव अन् दारू! अरे, जे सोडायले आपण नागपूरले गेलतो, थेच तर जपान्यानं लग्नात ठेवलं! गुरुजी, आणू काय दारू?"

गुरुजी उठले. ते हवालदारांना काही बोलले नाहीत, माझ्याकडं वळले. "हा माणूस आपल्यातला नाही. याला काय घेणं आपल्या दीक्षेशी? आपली थट्टा करायला मुद्दाम हे पुस्तक आणलं यानं. चला रे, गाडी जुंपा."

कळंबची माणसं उठली. हवालदारांचं हसू गेलं. इंदू पुस्तक धरून तशीच उभी, बोट त्याच ओळीवर.

मला दोन वाटा होत्या. 'छापलंय तसं आहे, मी काय करू' म्हणून पेटी बांधायची. किंवा खरं सांगायचं. माझ्यासारख्या अडेल माणसाला दुसरी वाट किती जड, ते माझ्या बायकोला विचारा. पण थट्टा केली हा आळ मला सोसला नाही. मी म्हटलं, "गुरुजी, थट्टा नाही केली. म्या हे पुस्तक वाचलंच नाही. हेच काय, पेटीतलं एकही वाचलं नाही. कड मळलेली पाह्यली अन् बोललो."

एवढ्या माणसांत माझा मोठेपणा असा उघडा पडला. कोणीतरी हसलंही. गुरुजी मात्र हसले नाहीत. इंदूकडं वळून म्हणाले, "तू न अडखळता वाचलंस. तुला ठाऊक होतं यात काय आहे?"

"हो. दोन डाव वाचलं."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. कडा कापल्यावर पडलेली ती काळी रेघ तिच्या दुपारच्या बायांची होती. वहीत दोनदा ओळीनं तिचं नाव, माझ्याच हातचं.

"मग त्या दिवशीच बोलली का नाहीस?"

"गुरुजी, तुम्ही जपानले विचारलं, बाबानं जपानले विचारलं. मले कोणी विचारलं?"

ओसरीवरून एक म्हातारी म्हणाली, "खरं बोलून राह्यली पोट्टी."

इंदू घाबरली होती. पण बोलायला लागली ती थांबली नाही. "जपानी लोक त्याइच्या घरचं लगीन करतात. आपलं आपण करू. हळद नको. माय रडन, तिले मी समजावीन. बुद्धाच्या फोटोसमोर पंचशील घेऊ, एकमेकाले हार घालू. दारू कोणाच्याच बाजूची नको, बाबाच्या पलटणवाल्याइचीही नको. पण वाजंत्री पाहिजे."

"वाजंत्री कोणत्या पुस्तकात आहे?" गुरुजींनी विचारलं. आवाज उतरला होता.

"कोणत्याच नाही. पण बाबाले आवडते."

हवालदारांनी तोंड फिरवलं आणि गुडघा चोळायला लागले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खाली बसले. कळंबची माणसं उभ्याउभ्या एकमेकांकडं पाहू लागली, मग तीही बसली. गुरुजी म्हणाले, "पेटीवाले, तुम्ही वाचलं नाही. मीही वाचलं नव्हतं. कुठंतरी भाषणात जपानचं नाव ऐकलं होतं, तेवढ्यावर भाच्याचं लग्न मोडायला निघालो होतो." मग नवऱ्या मुलाला म्हणाले, "तुला चालतं का रे, ही सांगते ते?"

त्याला पहिल्यांदाच कोणी काही विचारलं होतं. त्यानं धागा सोडला, म्हणाला, "मले तर हळदीनंही चाललं असतं." सगळीकडं असा हशा झाला की पुढची बोलणी हसण्यातच उरकली.

लग्न झालं. इंदू पांढऱ्या लुगड्यात. पंचशील गुरुजींनीच म्हणून घेतलं. वाजंत्री अशी वाजली की हवालदार लंगडत का होईना, वरातीत शेवटपर्यंत पुढं होते. इंदूची आई रडली, पण ते हळदीसाठी की लेकीसाठी, हे मी विचारायला गेलो नाही. मी परका, पेटीवाला, पण जेवायला मला पहिल्या पंगतीत बसवलं.

तर संपादक साहेब, भातशेतीचा कागद वाचा. लहान मुलांच्या गोष्टी वाचा. आगबोटीचं पुस्तक वाचा, आणि त्याच्यासोबत ज्यानं जपान दुसऱ्या बाजूनं पाहिला असा एखादा हवालदार शोधून त्याच्याजवळ बसा. इतिहासाचं मोठं पुस्तक धीर असला तर वाचा. इंदूनं पुढं सासरी ते पुरतं वाचलं आणि मला म्हणाली, "भाऊ, विसाव्या पानानंतर चांगलं हाये. तिथंच सारे थांबले." तेव्हा माझी कडेची विद्या आणखी थोडी खाली आली.

लग्नानंतर महिन्या-दीड महिन्यानं माझी कळंबच्या बाजूची फेरी लागली. इंदूच्या सासरी पेटी उतरवली तर गुरुजी आधीच ओसरीवर येऊन बसलेले. इंदूनं पाणी आणलं. गुरुजींनी पेटीतली पुस्तकं एक एक करून बाहेर काढली, सगळी पाहिली, पुन्हा पाहिली.

"आगबोटीचं नाही आणलं?"

"हाये." ते माझ्या पिशवीत होतं, भाकरीच्या फडक्याशेजारी.

"मग लिहा माझं नाव. मला पहिल्या पानापासून वाचायचं आहे."

मी पिशवी मांडीखाली सरकवली. "या खेपेला नाही भेटणार, गुरुजी."

"का? कोणाच्या नावावर आहे?"

इंदूनं वही उघडली, बोट फिरवत खाली आली, आणि पदर तोंडाशी घेऊन हसायलाच लागली.

"माह्या," मी म्हटलं. "मी बत्तिसाव्या पानावर हाये. घाई करू नका."